भार कुठे जातो? घरच्या गॅरेजमधल्या गाडीकामाविषयी

घरी गाडीचं लोखंडकाम करणाऱ्याला येणारे-जाणारे दोनच प्रश्न विचारतात: खर्च किती आला आणि ॲव्हरेज किती देते? फारच आपुलकी असली तर ‘आरटीओचं काय केलंत?’ हेही विचारतात. ज्या प्रश्नावर त्या कामाचं बरंवाईट ठरतं तो मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि काम करणाराही स्वतःला विचारत नाही. तो प्रश्न म्हणजे, भार कुठे जातो?

गाडीतला प्रत्येक तुकडा कुठून तरी भार घेतो आणि पुढे कुणाला तरी देतो. सीटवर बसलेल्या माणसाचं वजन सीटच्या पायांतून खालच्या पत्र्यात उतरतं, पत्र्यातून चासीत, चासीतून पाट्यांत, पाट्यांतून एक्सलमध्ये आणि शेवटी चाकांतून रस्त्यावर. ब्रेक दाबला की हीच रांग उलटी चालते: रस्ता चाकाला धरतो, चाक एक्सलला, आणि एक्सल सगळ्या गाडीला मागे ओढतो. या रांगेत एखादा दुवा कच्चा असला तर भार तिथे शहाण्यासारखा थांबत नाही. तो दुव्याला वाकवतो, फाडतो आणि शेजारच्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. शेजाऱ्याची तयारी असेलच असं नाही.

मर्यादित हत्यारं, एक गाडी मावेल एवढी जागा आणि शनिवार-रविवारची सवड एवढ्या भांडवलावर गाडीचं लोखंडकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. पाइप कसा कापावा, पत्रा कसा वळवावा, टॅक कुठे मारावेत, ब्रॅकेट कसा बेतावा हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईलच. या प्रस्तावनेत मात्र त्या सगळ्यांना बांधणारा धागा आधी हातात द्यायचा आहे, कारण तो सुटला की सुबक वेल्डिंगसुद्धा फुकट जातं.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३२ साली फोर्डने सर्वसामान्यांना परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. पुढे त्या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांची मडगार्डं उतरवली, टप कापून ठेंगणे केले आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या पळवल्या. या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना १९३७ साली उभी राहिली आणि ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघालं. वजन कमी केलं की वेग वाढतो, हे गणित त्या पोरांना वहीपेक्षा घड्याळातून आधी कळलं.

त्याच वर्षी, १९४८ मध्ये, लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतःची पहिली गाडी बांधली. पुढे जगभर गाजलेल्या लोटसची ती सुरुवात. चॅपमनचं शिक्षण गाड्यांचं नव्हतं, बांधकामाच्या रचनाशास्त्राचं होतं, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची. पूल बांधणाऱ्याच्या डोळ्याने त्याने गाडीकडे पाहिलं: कुठला तुकडा दाबला जातोय, कुठला ताणला जातोय आणि कुठला नुसताच बसून आहे? जो बसून आहे तो काढून टाक. १९५७ साली आलेली त्याची ‘सेव्हन’ सुट्या भागांच्या संचातही विकली जायची, कारण तेव्हाच्या ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर कर होता आणि घरी जोडायच्या संचावर तो नव्हता. घरच्या गॅरेजला तिथे प्रतिष्ठा मिळाली त्यात या कराचा वाटा मोठा. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या ब्रिटिश शिक्षकाने अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायचं पुस्तक लिहिलं. त्यातली चौकट एक इंची, सोळा गेजच्या चौकोनी पाइपची. आपल्याकडे खिडकीचं ग्रिल करणाऱ्याच्या दुकानातही तसलाच पाइप उभा असतो. फरक पाइपचा नाही, तो कुठून कुठे जातो याचा आहे.

आपल्याकडेही असे हात होतेच. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९च्या सुमारास ‘मीरा’ नावाची छोटी गाडी घडवली आणि पुढे कितीतरी वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. गाडी चालली, कारखाना मात्र उभा राहिला नाही. पण महाराष्ट्रात घरच्या आणि गल्लीतल्या गाडीकामाचं खरं विद्यापीठ ठरली ती जीप. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत शेतावर, साखर कारखान्यावर, वडापच्या धंद्यात, जिथे जिथे ती गेली तिथे तिथे तिच्यावर छन्नी-हातोडा चालला. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल बसवलं, मागची बाजू लांबवून चार माणसं जास्त बसवली, टपाला पत्रा आला, पत्र्यावर कॅरिअर आला. यातलं कितीतरी काम विलक्षण हुशारीचं होतं आणि कितीतरी निव्वळ नशिबावर चाललेलं. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते आता एका साध्या उदाहरणावरून पाहू.

जीपच्या मागच्या फाळक्यावर स्टेपनी लावायची आहे. बाजारात ब्रॅकेट मिळतो, नाहीतर पाच मिलिमीटरच्या प्लेटचा घरी बनवता येतो. फाळका साधारण एक-सव्वा मिलिमीटर पत्र्याचा. प्लेट पत्र्यावर ठेवली, चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं, स्लॅग झाडला, रंग दिला. टायर-रिमचं वजन पंचवीस किलो धरू. ते पत्र्यापासून वीतभर बाहेर लटकतंय, म्हणजे नुसतं खाली ओढत नाही, वरच्या कडेला पत्रा बाहेर उपटायलाही बघतं आणि खालच्या कडेला आत दाबतं. गाडी खड्ड्यात आपटली की तेच पंचवीस किलो क्षणभर पाऊणशे किलोसारखे वागतात. तरीही पहिल्या दिवशी काही होत नाही. पहिल्या महिन्यातही नाही.

एका पावसाळ्यानंतर वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसते. ती वेल्डिंगमध्ये नसते, त्याच्या अगदी शेजारी, जिथे धातूचा जाड थर संपून पातळ पत्रा सुरू होतो त्या रेषेवर असते. कारण तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या आहेत. जाडी एकदम पाचावरून एकावर आली, त्यामुळे सगळा वाक त्या एका रेषेत गोळा झाला. वेल्डिंगच्या आचेने तिथल्या पोलादाची घडण बदलली. आणि प्लेटचा कोपरा काटकोनी असल्यामुळे ताण टोकाशी साचला. एकेक हिसका पत्रा सहज सोसतो, पण तोच हिसका हजारो वेळा बसला की पोलाद थकतं आणि आपल्या ताकदीच्या बऱ्याच खालच्या भाराला चिरतं.

आता पुढची पायरी बघा, कारण बहुतेक गाड्यांवर हीच पाहायला मिळते. चिरेवर आणखी एक रॉड जाळला जातो. चीर बुजते आणि दोन इंच पलीकडे नवी निघते. मग तिथे पट्टी. पट्टीच्या टोकाला पुन्हा चीर. काम करणारा म्हणतो, पत्रा कमअस्सल होता. पत्र्याचा काही दोष नाही. भाराला वाट दिली नव्हती आणि प्रत्येक डागडुजीने तो फक्त पुढच्या पत्र्यावर ढकलला गेला.

वाट द्यायची कशी? फाळक्याच्या आतल्या बाजूने मोठी, गोल कोपऱ्यांची प्लेट घ्यावी, म्हणजे ओढ तळहाताएवढ्या जागेऐवजी परातीएवढ्या जागेत पसरते. ती प्लेट पातळ पत्र्याशी संपू न देता फाळक्याच्या चौकटीला नेऊन भिडवावी. चौकटीतून बिजागरीत, बिजागरीतून बॉडीच्या खांबात भार उतरतो की नाही ते बोटाने पुढे पुढे जात तपासावं. बिजागऱ्याच लेच्यापेच्या असतील तर फाळक्याचा नाद सोडून चासीला जोडलेल्या फिरत्या आर्मवर स्टेपनी टांगावी. तीनही उपायांत वेल्डिंग पहिल्यापेक्षा जास्त लागेलच असं नाही. विचार मात्र जास्त लागतो.

हेच चासीच्या बाबतीत अधिक गंभीरपणे लागू होतं. जीप किंवा ट्रकची चासी म्हणजे दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. गाडीच्या वजनाने रेल मधोमध खाली वाकू बघते, तेव्हा तिची वरची कड दबते, खालची कड ताणली जाते आणि उभ्या भिंतीच्या मध्यावर यातलं जवळजवळ काहीच नसतं. म्हणून भोक पाडायचंच असेल तर ते उभ्या भिंतीच्या मधल्या भागात, कडांना कधीही नाही. खालच्या कडेला वायरची क्लिप बसवण्यासाठी पाडलेलं एक भोक पुढे चासी तुटण्याचं कारण होऊ शकतं. रेलला जोड द्यायचा झाला तर तो काटकोनात सरळ कापून देत नाहीत. तिरपा काप, आतून बाही आणि बाहेरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी देतात, म्हणजे सगळी कमजोरी एकाच उभ्या रेषेत येत नाही.

पिळाचा हिशोब आणखी वेगळा. खडबडीत रस्त्यावर पुढचं डावं चाक वर आणि मागचं डावं खाली गेलं की सगळी चासी पिळली जाते. पिळाला विरोध करायचा तर छेद बंद हवा. पन्नास मिलिमीटर व्यासाचा, दोन मिलिमीटर जाडीचा गोल पाइप घ्या. पोलाद तेवढंच ठेवून त्याला नुसती लांबीभर उभी चीर पाडली, तर पिळाला होणारा त्याचा विरोध चारशेव्या हिश्श्याच्याही खाली जातो. खात्री नसेल तर कापडाच्या ताग्यात येणारी पुठ्ठ्याची नळी आधी अख्खी आणि मग चिरून हाताने पिळून बघावी. हा प्रयोग वीस पानं वाचण्यापेक्षा जास्त शिकवतो आणि नळी दुकानदार फुकट देतो.

म्हणूनच आपण कुठल्या प्रकारची गाडी कापतोय हे आधी ओळखावं लागतं. जीपमध्ये चासी वेगळी आणि वर ठेवलेली बॉडी वेगळी. बॉडीचा पत्रा बदलला तरी भाराची मुख्य वाट चासीतूनच जाते, म्हणून नवशिक्याने सुरुवात करायला जीप बरी. फियाट, ॲम्बेसेडर, मारुती या गाड्यांना वेगळी चासी नाही. तिथे छत, खांब, दाराखालचा उंबरठा आणि तळाचा पत्रा मिळूनच एक बंद डबा होतो आणि तोच सगळा भार वाहतो. त्या डब्याचं छत कापून हौसेने उघडी गाडी करणारा माणूस पिळलेल्या पाइपाला चीर पाडत असतो. कंपन्या उघड्या टपाची गाडी बनवतात तेव्हा उंबरठा आणि तळ मजबूत करण्यासाठी भरपूर पोलाद वाढवतात. नव्या गाड्यांच्या खांबांत तर असं उच्च ताकदीचं पोलाद असतं की त्याला आच लागली की ती ताकदच निघून जाते. अशा खांबावर घरच्या मशिनने वेल्डिंग मारणं म्हणजे अपघातात माणूस वाचवणारा भाग आपल्या हाताने मऊ करणं.

भार म्हणजे फक्त वजन, असंही नाही. अठ्ठावीस इंची टायर काढून एकतीस इंची घातले की गाडी रुबाबदार दिसते. बरोबरीने काय काय घडतं पाहा. टायरचा व्यास सुमारे अकरा टक्क्यांनी वाढला, म्हणून स्पीडोमीटरचा काटा साठावर असताना गाडी सहासष्टच्या पुढे असते. तेवढ्याच ब्रेकने जमिनीपाशी मिळणारी पकड जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते. इंजिनला तेवढ्याच ओढीसाठी जास्त जोर लावावा लागतो, तो क्लचवर येतो. जड टायरचे हिसके टाय रॉड आणि किंगपिनवर जातात. वळताना टायर मडगार्डला घासतो, म्हणून गाडी उचलली जाते. उचलली की प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि गुरुत्वमध्य वर जातो. टायरवाल्याने बिल एका गोष्टीचं केलं, गाडीने सात गोष्टींचं. जड डिझेल इंजिन बसवणाऱ्याचीही गत तीच: इंजिन माउंटिंगपासून सुरुवात होते आणि पुढचे पाटे, स्टेअरिंग, रेडिएटर, ब्रेक या सगळ्यांच्या दाराशी जाऊन यावं लागतं. यातलं काही अशक्य नाही. फक्त सुरुवातीलाच कागदावर ही यादी करून खिशाला आणि हाताला झेपेल का, ते बघायचं असतं.

आता प्रत्यक्ष हातकामाकडे. नवशिक्याला वाटतं वेल्डिंग हेच मुख्य काम. गॅरेजमधल्या वेळेचा हिशोब केला तर वेल्डिंगचा वाटा सगळ्यात कमी निघेल. मोजणं, आखणं, कापणं, कानस मारून कडा जुळवणं, पुन्हा लावून बघणं यातच दिवस जातो आणि जायलाच हवा. दोन पाइपांमध्ये फट राहिली की ती वेल्डिंगने भरायचा मोह होतो. भरलेली फट दिसायला जोड असते, पण थंड होताना जास्त आक्रसते आणि चौकट ओढून घेते. एक मीटर पोलाद शंभर अंशांनी तापलं की सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. वेल्डिंगपाशी तर ते वितळतं, म्हणजे पंधराशे अंशांच्या घरात जातं. तापताना पसरायला शेजारचं थंड पोलाद जागा देत नाही आणि निवताना ते ज्या बाजूला बीड आहे त्या बाजूला ओढलं जातं. यावर उपाय जुनाच. सगळे जोड आधी फक्त टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांवर, उभे करायचे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून. मग माप. मग इंच-इंच वेल्डिंग, पुन्हा समोरासमोर, मध्ये थांबून.

माप कसं, तर गवंडी पाया गुण्यात आणतो तसं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. चासीच्या बाबतीत ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा करायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि खुणांमधले कर्ण मोजायचे. यासाठी यंत्र लागत नाही. सपाट जमीन, पक्का दोरा आणि चौथ्यांदा मोजायचा कंटाळा नसणं एवढं पुरतं.

हत्यारांची मोठी यादी पाठीमागे दिली आहे, पण एकदम सगळं घेऊ नये. चार इंची ग्राइंडर, बेंच वाइस, गुण्या, दोन-तीन चांगल्या कानशी, डझनभर सी-क्लॅम्प आणि छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशिन इथून सुरुवात होते. बारा नंबरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला साठ ते नव्वद अँपिअर करंट पुरतो. एक मिलिमीटरच्या पत्र्याला मात्र रॉडने भोकंच पडतात. तिथे बारीक वायर आणि गॅसवर चालणारं मिग मशिन हवं, नाहीतर ते काम डेंटिंगवाल्याकडून करून घ्यावं. लेथचं काम घरी करायचा हट्ट तर मुळीच धरू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत तुमच्या हातातला बुश बघून काय बिघडलंय ते सांगणारे टर्नर बसलेत. जुने सुटे भाग हवे असतील तर कुर्ल्याच्या बाजारात एक फेरी मारावी, आणि घेताना भाग स्वच्छ करून चीर बघूनच घ्यावा.

सुरक्षिततेचं प्रकरण बहुतेक लोक वगळतात, म्हणून त्यातलं थोडं इथेच सांगून टाकतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जात असते, आणि डिस्क फुटली तर तुकडा त्याच वेगाने तोंडाकडे येतो. गार्ड काढून ग्राइंडर चालवणाऱ्याला कोणी हुशार म्हणू नये. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचं नाही. चारी बाजूंना घोड्या लावायच्या आणि गाडी हलवून बघायची. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला की त्या धुराने संध्याकाळी थंडीताप भरतो, म्हणून मुलामा आधी घासून काढायचा. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो; तो ओला असताना वेल्डिंग केलं तर विषारी वायू तयार होतो. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडवून ठेवायची, नाहीतर नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळतो. काम संपल्यावर अर्धा तास तरी गॅरेज सोडायचं नाही. ठिणगी सीटच्या फोममध्ये दबा धरून बसते. काच न लावता आर्ककडे एकदा जरी बघितलं तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि बघ्यांच्याही होतं. शेजारची लहान मुलं जमली की मशिन बंद.

कोकणात, किंवा कुठेही पावसाळ्यात, आणखी एक शत्रू असतो. बंद छेदाच्या पाइपात पाणी शिरलं की ते आतून खातं आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. म्हणून प्रत्येक बंद पोकळीला सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं भोक, आत मेणासारखा थर, आणि सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारण्याऐवजी सडका भाग चांगल्या धातूपर्यंत कापून काढणं. लांबी भार वाहत नाही. ती फक्त नजरेला फसवते.

राहिला कायदा. त्याविषयी स्पष्ट बोललेलं बरं, कारण गॅरेजमध्ये या बाबतीत ऐकीव माहितीच जास्त. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तिकेतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सवलती आहेत: मान्यताप्राप्त किटने सीएनजीसारख्या इंधनावर गाडी नेणं, अपंग व्यक्तीसाठी परवानगी घेऊन गाडी अनुकूल करून घेणं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली, पण तिची अटच अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आजोबांच्या गाडीवर ग्राइंडर चालवण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावं.

कायदा कारागिराचा वैरी आहे, असं गॅरेजमध्ये अनेकांचं मत असतं. माझं तसं नाही, पण त्यात एक उणीव मला दिसते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागिराने भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१च्या अखेरीस तिचा व्हिडिओ देशभर गेला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात अदलाबदल झाली. कथा गोड आहे. पण ती गाडी नियमांत बसवायला काय काय करावं लागेल, हे त्या कारागिराला समजावून तपासून देणारी वाट आपल्याकडे रुळलेली नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून घरी बांधलेली एकेक गाडी स्वतंत्रपणे तपासून रस्त्यावर आणता येते. चॅम्पियनच्या पुस्तकावरून बांधलेल्या गाड्या त्याच दारातून बाहेर पडल्या. तपासणीत नापास झालेला माणूसही भार कुठे जातो ते शिकून परततो.

तोवर या कामाला रस्त्याबाहेरच्या जागा आहेत. खासगी जमिनीवरच्या ऑफ-रोड स्पर्धा आहेत, शेतावरचे ट्रेलर आणि अवजारं आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून बाहा स्पर्धा भरते. तिथे मुलं पाइपांची गाडी स्वतः बांधतात आणि तिच्या मुख्य पिंजऱ्यासाठी पाइपाची जाडी, व्यास, एवढंच काय पोलादातल्या कार्बनचं प्रमाणही नियमात लिहिलेलं असतं. आणि मूळ गाडी मूळ रूपात आणण्याचं, सडलेला तळ बदलण्याचं, मोडलेला माउंट पूर्ववत करण्याचं काम तर कायद्याच्या चौकटीतच बसतं आणि शिकवतंही सगळ्यात जास्त, कारण मूळ बनवणाऱ्याने भार कुठून नेला होता ते तिथे उलगडून बघता येतं.

पुस्तकाचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. पहिल्या भागात गाडी कापायची नाही, फक्त वाचायची: कोणता तुकडा काय वाहतो त्याचं चित्र काढायचं. दुसऱ्या भागात बाकावरचं काम. पट्ट्या जोडायच्या, वाइसमध्ये धरून हातोडीने मोडायच्या आणि मोड तपासायची. वेल्डिंग आतपर्यंत गेलं नसेल तर जोड सालपटासारखा सुटतो, नीट गेलं असेल तर पट्टी आधी वाकते. तिसऱ्या भागात ज्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही अशी कामं: टूलबॉक्स, बॅटरीचा ट्रे, कॅरिअर, स्टेपनीचा ब्रॅकेट. चासी आणि इंजिन माउंटिंग चौथ्या भागात येतात. स्टेअरिंगचे दांडे, ब्रेकचे पाइप, ब्रेक पेडल आणि सीटबेल्टचे बोल्ट यांच्यावर वेल्डिंग करायला हे पुस्तक कुठेही शिकवत नाही, आणि पुस्तक संपवल्यावरही करू नये.

कोणतंही काम हाती घेताना कागदावर त्या तुकड्याचं चित्र काढावं, भार कुठून येतो आणि कुठे उतरतो त्याचे बाण काढावेत, आणि शेवटचा बाण जमिनीला टेकतो का ते पाहावं. मध्येच कुठे बाण अडला तर मशिन सुरू करू नये. तो कागद घेऊन जाणत्या मिस्त्रीकडे जावं आणि मोकळेपणाने विचारावं. मिस्त्री आधी चहा सांगेल, मग तुमच्या कागदावर स्वतःचा एक बाण काढेल. त्या बाणाचं कारण समजून घेतल्याशिवाय तिथून उठू नये.